महायुद्धांतील शिपायांचीं पत्रें : प्रामाण्याचा विचार

डेव्हिड ओमिसी यांनीं संपादिलेला ‘इंडियन व्हॉइसेस ऑफ द ग्रेट वॉर’ हा पत्रसंग्रह १९९९ सालीं प्रसिद्ध झाला. त्यास पाव शतक उलटून गेलें असतां त्याचें परीक्षण आतां कशास, असें वाचकांच्या मनांत येणें साहजिक आहे. उत्तर इतकेंच कीं, मधल्या काळांत या ग्रंथाची योग्यता पालटली आहे. निघाला तेव्हां तो साधनग्रंथ होता. आज तो प्रमाणग्रंथ होऊन बसला आहे. १९१४–१८ च्या महायुद्धानें हिंदुस्थानांतील खेड्यांचें मन बदललें, समुद्रापलीकडचें जग पाहिलेला शिपाई नवे विचार घेऊन घरीं परतला व त्यांतून युद्धोत्तर समाज घडला, असें विधान जेथें जेथें आढळतें, तेथें तेथें त्याच्या पाठीशीं बहुधा याच संग्रहांतील एखाददुसरें पत्र उभें केलेलें दिसतें. विधान मोठें आहे. तें खरेंहि असूं शकेल. परंतु त्याचा भार ज्या कागदांवर टाकिला आहे, ते कागद कोणत्या जातीचे, याची विचारपूस मोजक्या अभ्यासकांखेरीज कोणी करीत नाहीं. आणि कागदाची जात ओळखणें हा तर आपला धंदाच आहे.

कै. विश्वनाथ काशीनाथ राजवाडे यांनीं १८९८ सालीं ‘मराठ्यांच्या इतिहासाचीं साधनें’ या मालेचा पहिला खंड काढला, तेव्हांपासून अस्सल पत्र वर व बखर खालीं, हा विवेक आपल्या अंगवळणीं पडला आहे. त्याचा एक अनिष्ट परिणामहि झाला. पत्र म्हटलें कीं आपला विश्वास लगेच बसतो. मिति आहे, मुक्काम आहे, लिहिणाराचें व घेणाराचें नांव आहे. मग शंका कसली? पण दप्तर हाताळणारा कोणीहि सांगेल कीं, अस्सल, नक्कल, मसुदा, तर्जुमा व गोषवारा हे पांच निरनिराळे पदार्थ आहेत, आणि पांचांसहि बोलण्यांत ‘पत्र’ असेंच म्हटलें जातें. ओमिसी यांच्या संग्रहांत सुमारें साडेसहाशें पत्रें आहेत. तीं बहुतेक या पांचांपैकीं शेवटच्या दोहोंत मोडतात. तर्जुमा आणि तोहि बहुधा गोषवाऱ्याचा, हें एकदां नीट ध्यानांत धरिलें म्हणजे पुढील पुष्कळ घोटाळा टळतो.

हा कागद आपल्यापर्यंत कसा आला तें पाहूं. शिपाई बहुधा निरक्षर. त्यानें तोंडानें सांगावें व पलटणींतील लिहित्या माणसानें उतरून घ्यावें, हा शिरस्ता. तेव्हां पहिला हात लेखनिकाचा. मायना, ख्यालीखुशाली, वडिलांस नमस्कार, धाकट्यांस आशीर्वाद, हें सर्व त्याच्या ठराविक सांच्यांतलें. सांगणाराच्या दोन वाक्यांचीं त्याच्या बोरूखालीं चार होत किंवा एकच उरे. दुसरा हात पलटणींतील अंमलदाराचा. पत्र छावणीबाहेर पडण्यापूर्वीं तें त्याच्या नजरेखालून जाई. तिसरा हात सेन्सॉरच्या कचेरीचा. फ्रान्सांतील हिंदी सैन्याचें टपाल तपासण्यासाठीं ही कचेरी १९१४ च्या उत्तरार्धांत उभी राहिली. आरंभीं ती रूआं येथें होती, पुढें बुलोन बंदरीं गेली. हिंदुस्थानांतील मुलकी नोकरींतून आलेले एव्हलिन हॉवेल हे तिचे प्रमुख होते. गदर पक्षाचें वाङ्मय पलटणींत शिरूं नये, हा तिचा मूळ उद्देश. शिपायाचें मन वरिष्ठांस कळत राहावें, हा दुसरा उद्देश त्यास मागाहून जडला, व आज इतिहासाच्या दृष्टीनें तोच महत्त्वाचा ठरला आहे.

१९१५ च्या आरंभींच्या महिन्यांत हिंदी सैन्याकडून आठवड्यास दहा ते वीस हजार पत्रें लिहिलीं जात. मूठभर माणसांनीं तीं सर्व वाचणें शक्यच नव्हतें. तेव्हां कांहीं उघडावीं, उघडलेल्यांतून कांहीं वेगळीं काढावीं, वेगळ्या काढलेल्यांतील कांहीं ओळींचें इंग्रजी करावें, आणि असे शंभराच्या आगेंमागें उतारे आठवड्याच्या अहवालास जोडून वर धाडावे, असा क्रम पडला. निवडणाराचा हात तिसरा धरिला, तर तर्जुमा करणाराचा चौथा होतो. हे अहवाल लंडनच्या ब्रिटिश लायब्ररींत इंडिया ऑफिसच्या दप्तरांत जतन झाले आहेत. त्यांतून पुन्हां निवड करणारे ओमिसी यांचा हात पांचवा. आणि मूळ पत्र? तें अडवून ठेविलें नसेल तर परत लखोट्यांत शिरून आपल्या वाटेनें घरीं गेलें. अडविलेलीं थोडीं, गेलेलीं फार. यावरून एक चमत्कारिक स्थिति उत्पन्न होते. तर्जुमा साम्राज्याच्या राजधानींत कापडी बांधणींत सुखरूप आहे, आणि अस्सल, जर कोठें उरलें असेल तर, हिंदुस्थानांतील एखाद्या घराच्या फडताळांत आहे. आपल्याकडे नेहमीं याच्या उलट असतें; अस्सल सरकारांत गेलेलें असतें आणि घरीं नक्कल राहते.

तर्जुम्यांत काय हरवतें याचें एक उदाहरण देतों. सेन्सॉर पत्रें उघडतो हें शिपायांस ठाऊक होतें. म्हणून त्यांनीं कांहीं सांकेतिक शब्द योजिले. हिंदी शिपाई म्हणजे ‘काळी’ व गोरा शिपाई म्हणजे ‘लाल’, असा एक संकेत प्रसिद्धच आहे, आणि इंग्रजी तर्जुम्यांत दोन्ही ठिकाणीं ‘पेपर’ हा शब्द पडला आहे. इंग्रजींत मिऱ्यासहि तोच शब्द व मिरचीसहि तोच. पंजाबी व उर्दू बोलणारासहि ‘मिर्च’ या एका शब्दावर रंग चढवून काम भागवितां येतें. मराठी बोलणारास मात्र मिरीं निराळीं आणि मिरची निराळी. हा संकेत त्याच्या तोंडीं या स्वरूपांत येणारच नाहीं. म्हणजे ज्यास आपण ‘हिंदी शिपायाची गुप्त भाषा’ म्हणतों, ती एका विशिष्ट बोलीची कोटि आहे. इंग्रजी वाचतांना ही मेख दिसत नाहीं, म्हणून ती सर्व हिंदुस्थानची होऊन बसते.

दुसरी गोष्ट लिपीची. संग्रहांत पत्रांच्या मथळ्याशीं भाषेचा निर्देश येतो. कांहींवर ‘उर्दू’ अशी खूण, कांहींवर ‘गुरुमुखी’ अशी. उर्दू ही भाषा, गुरुमुखी ही लिपि. तपासनिसानें एके ठिकाणीं कानावर विसंबून व दुसरे ठिकाणीं डोळ्यांवर विसंबून टांचण केलें आहे. पंजाबी शिपाई उर्दूंत पत्र लिहवी तेव्हां तो आपल्या घरच्या भाषेंत बोलत नसे, लेखनिकास येणाऱ्या भाषेंत बोलत असे, ही मोठी गोष्ट त्या एका खुणेखालीं दडली आहे. मराठीचा प्रश्न तर याहून अवघड. १९१४ सालीं जुन्या वळणाचा मराठी लेखनिक मोडी लिही, शाळेंतून आलेला पोर बालबोध लिही. कोणत्या पत्रांत कोणती, हें कळलें असतें तर पलटणींतील लेखनिकांच्या दोन पिढ्या आपल्यापुढें उभ्या राहिल्या असत्या. ‘मराठी’ या एका शब्दावर काम भागवून तपासनिसानें ती वाट बुजविली. त्यास दोष देण्यांत अर्थ नाहीं. तो आपल्यासाठीं लिहीत नव्हता.

आतां हीं पत्रें कोणाचीं? ग्रंथाच्या नांवांत ‘हिंदी’ हा शब्द आहे. वस्तुतः हें फ्रान्स व इंग्लंड येथील हिंदी सैन्याचें टपाल आहे. महायुद्धांत हिंदुस्थानांतून तेरा लाखांहून अधिक माणसें दर्याबाहेर गेलीं, असें सामान्यतः धरतात. फ्रान्सच्या आघाडीवर त्यांपैकीं सुमारें एक लाख चाळीस हजार. मेसापोटेमियांत त्याच्या कित्येक पट. फ्रान्सांतील हिंदी पायदळ १९१५ च्या अखेरीस तेथून हलविलें गेलें, घोडदळ १९१८ च्या आरंभापर्यंत राहिलें. म्हणजे संग्रहाच्या उत्तरार्धांत बोलणारा हा बहुशः पंजाब व उत्तर हिंदुस्थानचा स्वार आहे. मराठ्यांपैकीं फ्रान्सांत लढलेल्यांत खडकीच्या सॅपर्स-मायनर्सच्या विसाव्या व एकविसाव्या कंपन्यांतील लोक होते; २८ ऑक्टोबर १९१४ रोजीं न्यूव्ह शापेलच्या हल्ल्यांत त्यांनीं जें सोसलें तें लष्करी इतिहासांत नमूद आहे. पण मराठा पलटणींचें मुख्य मरण फ्रान्सांत झालें नाहीं. तें बसऱ्याच्या बाजूस झालें.

सहाव्या म्हणजे पुणें डिव्हिजनमध्यें १०३, ११० व ११७ या तीन मराठा पलटणी होत्या. कूत-अल-अमारा येथें ७ डिसेंबर १९१५ पासून २९ एप्रिल १९१६ पर्यंत जो वेढा पडला, त्यांत त्या तिन्ही सांपडल्या. धान्य संपत आलें तेव्हां घोड्याचें मांस खाण्याचा प्रश्न निघाला व पुष्कळ हिंदी शिपायांनीं दीर्घकाळ तें नाकारलें, हें सर्वांस ठाऊक आहे. शरणागतीनंतर धरलेल्यांची रवानगी अनातोलियाकडे व राअस-अल-ऐनच्या रेल्वेच्या कामावर झाली. पुष्कळ जण परतले नाहींत. वेढ्यांतून टपाल निघत नव्हतें. तेव्हां साताऱ्याच्या किंवा रत्नागिरीच्या माणसास या युद्धाचा जो सर्वांत दारुण अनुभव आला, त्याच्या ऐन काळांत त्याचें एकहि पत्र बुलोनच्या मेजावर येण्याचा संभव नव्हता. हिंदी आवाज म्हणून जो ग्रंथ आपण हातीं घेतों, त्यांत आपल्या घरचा आवाज मुका आहे. संपादकांनीं सेन्सॉर व लेखनिक यांच्या हस्तक्षेपाची चर्चा प्रस्तावनेंत मोकळेपणानें केली आहे, हें येथें सांगितलें पाहिजे. दोष त्यांच्याकडे थोडा व त्यांच्यावरून उतरून घेणारांकडे अधिक. प्रस्तावना न वाचतां उतारा उचलणें ही संवय केवळ आपल्याच देशांत आहे असें नाहीं.

इतकें झाल्यावर मुख्य विधानाकडे वळूं. फ्रान्सांतील स्त्रिया लिहितात, वाचतात, दुकानें चालवितात. मुलींस शाळेंत घातल्याखेरीज आपली धडगत नाहीं. घरीं मुलीस शिकवा. अशा अर्थाचीं पत्रें या संग्रहांत आहेत, व तीं वाचतांना कोणाचेंहि मन हलतें. यावरून अनुमान असें काढितात कीं, युद्धानंतर स्त्रीशिक्षणाची जी वाढ दिसते तिचें एक मूळ फ्रान्सच्या खेड्यांत आहे. या अनुमानास आमची हरकत दुहेरी आहे.

एक तर हें पत्र इच्छेचा पुरावा आहे, फळाचा नव्हे. पानिपतच्या मोहिमेंत छावणींतून लिहिलेल्या पत्रांवरून १७६० सालीं लिहिणाराच्या मनांत काय होतें तें कळतें. १७६१ नंतर मराठी राज्याचें काय झालें तें त्यांवरून ठरवूं लागल्यास कोणीहि हंसेल. पत्र पोंचलें का, पोंचल्यावर कोणी वाचून दाखविलें, मुलगी शाळेंत गेली का, शिपाई परत आल्यावर त्याचें मत तेंच राहिलें का, हें पाहण्यास घरचे कागद पाहिजेत. ते कोणी पाहिलेले नाहींत.

दुसरें असें कीं, आपल्या प्रांतापुरतें पाहिलें तर काळाची सांगड तरी कोठें बसते? धोंडो केशव कर्वे यांचें महिला विद्यापीठ १९१६ चें. कोल्हापुरांत शाहू छत्रपतींचा सक्तीच्या मोफत प्राथमिक शिक्षणाचा हुकूम १९१७ चा. मुंबई इलाख्यांतील नगरपालिकांपुरता सक्तीच्या शिक्षणाचा कायदा विठ्ठलभाई पटेल यांच्या खटपटीनें १९१८ सालीं झाला, आणि त्याच्या मागें गोखल्यांचें १९११ चें अयशस्वी विधेयक उभें आहे. भाऊराव पाटील यांनीं कऱ्हाडनजीक काले येथें रयत शिक्षण संस्था काढिली ती १९१९ सालीं. सातारा हा भरतीचा जिल्हा होता हें खरें, युद्ध नुकतेंच संपलें होतें हेंहि खरें. पण त्याच्या मागें सत्यशोधक समाजाची जवळजवळ चार तपांची चळवळ होती. शेजारीं शेजारीं असलेल्या दोन गोष्टींस मायलेक ठरविण्यापूर्वीं दाखला मागावा लागतो.

मग युद्धानें समाज पालटला नाहीं कीं काय? पालटला, आणि फार पालटला. पण तो फेर पत्रांत दिसणाऱ्या वाटेनेंच आला असें मानण्याचें कारण नाहीं. पहिला फेरा मृत्यूचा होता, व तो लढाईवरून फारसा आला नाहीं. १९१८ च्या जून महिन्यांत सैनिकांच्या ये-जेबरोबर मुंबई बंदरांत शिरलेली मानमोडीची साथ त्या वर्षीच्या पावसाळ्याअखेर अशी उसळली कीं, ६ ऑक्टोबर या एका दिवशीं मुंबई शहरांत ७६८ मृत्यु नोंदले गेले. हिंदुस्थानांत या सांथींत दगावलेल्यांच्या गणना सव्वा कोटीपासून एक कोटि ऐंशी लाखांपर्यंत झाल्या आहेत. रणांगणावर व आघाड्यांच्या मागें मेलेले हिंदी सैनिक सुमारें पाऊण लाख धरले, तर हें प्रमाण काय होतें तें वाचकांनींच पाहावें. आजच्या भारताच्या हद्दींत १९११ सालीं २५ कोटि २१ लाख लोक होते, १९२१ सालीं २५ कोटि १३ लाख उरले. जी संख्या दर दहा वर्षांनीं कमीअधिक वाढावयाची, ती या एका दशकांत घटली. शिपाई फ्रान्सांतून काय शिकून आला हें विचारण्यापूर्वीं, तो आला तेव्हां घरांत शिकविण्यास कोण उरलें होतें, हें विचारणें बरें. वाढलेल्या महागाईचा व १९१९ च्या जानेवारींतील मुंबईच्या गिरण्यांच्या संपाचा विस्तार येथें करीत नाहीं; तो विषय अर्थशास्त्रज्ञांचा आहे व त्यांनीं तो चांगला हाताळला आहे.

दुसरा फेरा आमच्या मतें अधिक महत्त्वाचा, आणि तो आपल्या धंद्याशीं अगदीं लागून आहे. युद्धानें चाकरीस कागदाचें रूप दिलें व त्या कागदास दाव्याचें. पूर्वीं वतनदार आपल्या हक्कासाठीं सनद व महजर पुढें करी. युद्धानंतर खेड्यांतील माणूस पलटणीचा दाखला पुढें करूं लागला. १९१९ च्या सुधारणांखालीं जे मतदार ठरले, त्यांत पलटणींतून सुटलेले व पेन्शन घेणारे शिपाईहि त्या नात्यानें आले. मुंबईच्या कायदेकौन्सिलांत मराठा व तत्सम जातींसाठीं सात जागा राखल्या गेल्या. १९ नोव्हेंबर १९२१ रोजीं पुण्यांत शिवस्मारकाची कोनशिला बसली ती प्रिन्स ऑफ वेल्सच्या हातून. मराठा पलटणींच्या पराक्रमाची ताजी आठवण नसती तर त्या समारंभास तो योग आला असता कीं नाहीं, याचा विचार शिवकालाच्या अभ्यासकांनीं करण्याजोगा आहे. इतिहाससंशोधनाचें आपलें क्षेत्रहि या फेऱ्यांतून सुटलेलें नव्हतें, असें म्हणण्यास जागा आहे.

या दाव्याचें सर्वांत स्पष्ट उदाहरण महार शिपायांचें. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या दशकांत त्यांची भरती बंद झाली. गोपाळबाबा वलंगकर यांनीं १८९४ त अर्ज सिद्ध केला. शिवराम जानबा कांबळे यांच्या पुढाकारानें १९१० सालीं भारतमंत्र्यांकडे अर्ज गेला. अर्जांनीं न झालेलें युद्धाच्या गरजेनें झालें: १९१७ सालीं १११ वी महार पलटण उभी राहिली. गरज संपतांच १९२१ पर्यंत ती मोडली. येथें शिपायाच्या मनांत काय पालटलें हें कोणा पत्रावरून शोधावें लागत नाहीं. दार उघडलें गेलें, मिटलें गेलें, व मिटलेल्या दाराविरुद्धचा दावा पूर्वीपेक्षां बळकट झाला. १ जानेवारी १९२७ रोजीं डॉ. बाबासाहेब आंबेडकर कोरेगांवच्या जयस्तंभापाशीं गेले तेव्हां त्यांच्या मागें केवळ १८१८ सालची लढाई नव्हती. सहा वर्षांपूर्वीं मोडलेली पलटणहि होती. पुढें दुसरें महायुद्ध आलें आणि १९४१ च्या ऑक्टोबरांत बेळगांवीं महार रेजिमेंट उभें राहिलें, तें आजतागायत आहे.

कोरेगांवच्या स्तंभाचें नांव निघालें म्हणून शिलालेखांविषयीं थोडें. त्या स्तंभावर पडलेल्या शिपायांचीं नांवें कोरलीं आहेत. नांवाच्या शेवटीं ‘नाक’ असलेलीं नांवें तींत आहेत म्हणूनच महारांच्या कामगिरीस दगडाचा पुरावा मिळाला. हीं नांवें नसतीं व नुसता आंकडा असता, तर शंभर वर्षांनंतर तो स्तंभ कोणाच्याहि उपयोगीं पडता ना. आतां त्याच्या शेजारीं बसऱ्याचें स्मारक ठेवून पाहा. तें १९२९ सालीं उघडलें गेलें. इंग्रज सैनिकांचीं नांवें त्यावर आहेत, हिंदी अंमलदारांचीं आहेत. साधे हिंदी शिपाई मात्र पलटणवार संख्येनें दाखविले आहेत, व ते तेहतीस हजारांहून अधिक आहेत. त्यांत कूतचे मराठे आले. फ्रान्सांत न्यूव्ह शापेल येथें १९२७ सालीं झालेल्या स्मारकावर मात्र हिंदी शिपायांचीं नांवें आहेत. तीच चाकरी, तेंच सरकार, तेंच दशक. एका ठिकाणीं नांव, दुसऱ्या ठिकाणीं आंकडा. या असमानतेची कबुली युद्धसमाधि मंडळानें २०२१ सालीं आपल्या अहवालांत दिली. कंपनी सरकारनें शंभर वर्षांपूर्वीं एका खेड्याबाहेर शिपायाचें नांव दगडावर घातलें आणि साम्राज्यानें भर वैभवाच्या काळीं तें गाळलें, ही गोष्ट आमच्या मतें संग्रहांतील कोणत्याहि एका पत्रापेक्षां युद्धोत्तर नात्याविषयीं अधिक सांगते. सातारा व कोंकण भागांतील खेड्यांत बसविलेल्या संगमरवरी पाट्यांवरहि गेलेल्यांचा व मेलेल्यांचा आंकडाच असतो. गांवकरी नांवें सांगत, पाटी सांगत नाहीं.

शिपायाचा आवाज इंग्रजी हातांतून न जातां राहिल्याचें एक उदाहरण आहे, आणि गंमत अशी कीं तें शत्रूच्या घरीं आहे. प्रशियाच्या सरकारनें १९१५ सालीं युद्धकैद्यांच्या भाषा व गाणीं ध्वनिमुद्रित करण्यासाठीं एक मंडळ नेमलें. विल्हेल्म डोएगेन हे त्याचे चालक. बर्लिनच्या दक्षिणेस वुन्सडॉर्फ येथील छावणींत हिंदी कैदी ठेविले होते. त्यांच्यापैकीं मल्लसिंग नांवाच्या शिखाचें ११ डिसेंबर १९१६ चें बोलणें तबकडीवर आहे: आपल्या मुलुखांत लोणी खाणारा एक माणूस होता, तो या युद्धांत सांपडला, व त्यास घरीं जावयाचें आहे, असा त्याचा मतलब. बोलावयाचा मजकूर आधीं लिहून तयार केला जाई, तेव्हां हेंहि निर्भेळ नव्हे. तरी मूळ भाषा, मूळ उच्चार, व सोबत बोलणाराच्या गांवाची व शिक्षणाची नोंद, इतकें एकत्र सांपडतें. पाठचिकित्सेच्या दृष्टीनें या तबकड्या बुलोनच्या अहवालांहून वरच्या पायरीवर बसतात.

या ध्वनिमुद्रणाच्या कामांत हिंदी भाषांच्या बाजूस हाइनरिख ल्यूडर्स होते, हें कळल्यावर पुण्याच्या वाचकास जरा थबकावें लागेल. महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचा नमुना युद्धापूर्वीं यूरोपीय पंडितांसाठीं सिद्ध करणारे ते हेच, आणि विष्णु सीताराम सुकथनकर यांचे बर्लिन येथील गुरूहि हेच. यूरोपीय विद्वत्सभांची ती योजना युद्धानें थांबविली. १९१९ सालीं तें काम भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरानें पुण्यांत हातीं घेतलें. १९२५ पासून सुकथनकर त्याचे प्रधान संपादक झाले, व १९६६ सालीं तें पुरें झालें. महायुद्धानें जगाचें काय पालटलें याचा शोध फार दूर घेण्याचें कारण नाहीं. जी पाठचिकित्सा बर्लिनने करावयाची, ती पुण्यानें केली. पोथ्यांस लावलेली तीच कसोटी शिपायांच्या पत्रांस लावावी, इतकेंच आमचें मागणें आहे.

ओमिसी यांच्या संग्रहाची एक बाजू मात्र सोडतां येत नाहीं. काळानुक्रमानें लावलेलीं हीं पत्रें ओळीनें वाचलीं म्हणजे १९१५ च्या आरंभींचा घाबरा सूर हळूहळू कसा निबर होत जातो, तें वाचकास आपोआप कळतें. टीपा मोजक्या व निर्मळ आहेत. संपादक पत्राच्या आड येऊन बोलत नाहींत. त्याच अनुक्रमानें एका माणसाचीं किंवा एका गांवचीं पत्रें विखुरलीं जातात, ही गैरसोय आहे. दप्तरवार मांडणी असती तर घराण्याचा धागा हातीं राहिला असता. २०१८ सालीं सांतनू दास यांनीं आपल्या ग्रंथांत गाणीं, वस्तु व घरगुती अवशेष यांकडे लक्ष वळविलें, तें योग्य दिशेचें पाऊल आहे. पंजाबांत तर याहून मोठी गोष्ट घडली. लाहोरच्या संग्रहालयांत सुमारें शंभर वर्षें पडून राहिलेल्या गांववार वह्यांतून तीन लाखांहून अधिक शिपायांच्या नोंदी २०२१ पासून लोकांस पाहावयास मिळूं लागल्या. कोणत्या गांवचा, कोणाचा मुलगा, कोणत्या पलटणींत, असा तो तपशील आहे. बुलोनचें एखादें पत्र आतां अशा वहीशीं ताडून पाहतां येईल.

आपल्याकडे हें काम संग्राहकांनींच करावयाचें आहे. पलटणींतून सुटल्याचे दाखले, पेन्शनचीं बुकें, मनीऑर्डरीच्या पावत्या, छावणीचा शिक्का असलेलीं पोस्टकार्डें, हे कागद जिल्ह्याजिल्ह्यांत आहेत. युद्धाच्या चांदीच्या बिल्ल्याच्या कडेवर शिपायाचा नंबर, हुद्दा, नांव व पलटण कोरलेली असते. तो लहानसा लेखच आहे, व चांदीचा असल्यानें सोनाराच्या मुशींत जात आला आहे. बिगारी व सेवेकऱ्यांस दिलेला तोच बिल्ला कांशाचा होता. त्यास मोडींत भाव नव्हता म्हणून कदाचित् तो अधिक उरला असेल. १८१८ च्या पुढील कागद तो आपला नव्हे, ही आपल्या पिढीनें घालून घेतलेली मर्यादा या कामीं मोडावी लागेल.

ती मर्यादा आम्हींहि पाळिली आहे. सुमारें तीस वर्षांपूर्वीं सातारा जिल्ह्यांतील एका घराण्याचें दप्तर पाहण्याचा योग आला होता. वतनाच्या दोन सनदा व एक महजर हातीं लागल्याच्या आनंदांत आम्ही होतों. त्याच रुमालाच्या तळाशीं सुतळीनें बांधलेली पोस्टकार्डांची एक जुडी निघाली. घरच्या वृद्ध बाईंनीं सांगितलें कीं, तीं त्यांच्या चुलत सासऱ्यांचीं, बसऱ्याहून आलेलीं. आम्हीं ती वरच्यावर पाहून परत बांधली व सनदांचे फोटो घेऊन निघालों. पुढें तें घर पडलें. रुमाल भिजला, कसरीनें खाल्ला व शेवटीं चुलींत गेला, असें पुष्कळ वर्षांनीं त्यांच्या नातवाकडून कळलें. सनदांचे फोटो आमच्याजवळ आहेत. त्या जुडींतील वरचें कार्ड मोडींत होतें कीं बालबोधींत, हें मात्र आतां कितीहि आठवलें तरी आठवत नाहीं.